चिकपेटेतली तिसरी बॅटरी

लग्नाचा बस्ता बांधायचा तर चिकपेटेतच, असं बंगळुरूची मराठी मंडळी सांगतात. कन्नडमधलं ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. चिकपेट ही धाकटी पेठ, आणि थोरली ती दोड्डपेटे, म्हणजे आजचा अॅव्हेन्यू रोड. या दोन्ही रस्त्यांच्या चौकातून केंपेगौडाने १५३७ साली चार दिशांना नांगर धरवून शहराची आखणी केली, अशी कथा आहे. पुढे १६३८मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. त्यामुळे इथे हिंडताना मराठी माणसाला फारसं परकं वाटत नाही.

मॅजेस्टिकहून मेट्रोने एकच स्टेशन. जिना चढून वर आलं, की दोन्ही बाजूंना रेशमी साड्यांची दुकानं. पादत्राणं काढून पांढऱ्या गादीवर बसायचं आणि पुढ्यात साड्या उलगडत राहतात. भाचीच्या लग्नाचा शालू घ्यायला मी गेले होते. पण त्या दोन दिवसांत शालूपेक्षा जास्त चर्चा झाली ती एका बॅटरीची.

माझा मावसभाऊ जवळच नगर्तपेटेत गलाईचं काम करतो. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर विखुरली आहेत, त्यांतलाच तो एक. इथल्या बोळांत चारचाकी शिरत नाही. साड्यांचे गठ्ठे, कागदाची रिमं, माणसं, सारं दुचाकीवर. दादाचंही तसंच. अर्धा किलोमीटर जायचं, गाडी बंद करायची, पुन्हा सुरू करायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा.

चौदा महिन्यांत त्याच्या मोटारसायकलच्या दोन बॅटऱ्या गेल्या होत्या. दुसरी गेली ती रविवारी रात्री. मावशीला एकदम धाप लागली, दादा गाडी काढायला धावला, बटण दाबलं तर नुसतं ‘टक्’. नव्या गाडीला किक नाही. मावशीला हाताला धरून मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत नेलं, तेव्हा कुठे रिक्षा मिळाली. मावशी बरी झाली, पण वहिनींचा राग गेला नव्हता. “ताई, तुम्हीच सांगा यांना. तिसरी आणतील आणि तीही अशीच मरेल.”

शालू घेऊन झाल्यावर आम्ही दोघं जे. सी. रोडच्या बाजूला गेलो. मोटारींच्या सुट्या भागांचा हा मोठा बाजार. तिथल्या एका बोळातल्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीला हात लावण्याआधी विचारलं, “कौन से दिन बंद पडती है?”

दादा विचारात पडला. दोन्ही वेळा रविवार-सोमवारच! रविवारी इथली बहुतेक दुकानं बंद, गाडीही उभी. मिस्त्रीने मान हलवली. उभ्या गाडीत कोणीतरी वीज पीत होतं.

मग त्याने मीटर काढला. चांगली भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. हिचे ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. दुसरी बॅटरी जोडून त्याने गाडी सुरू केली आणि इंजिनाचा वेग वाढवला. आकडा १४.१ वर गेला. साडेतेरा ते साडेचौदाच्या आत असला, की गाडी बॅटरी नीट भरते आहे असं समजायचं. तो पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरी जास्त चार्ज होऊन आतलं पाणी उडतं. आणि वेग वाढवूनही आकडा साडेबारालाच अडून राहिला, तर कॉइल किंवा रेग्युलेटर चार्जच करत नाही. अशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या घाला, पैसे पाण्यातच.

गाडी बंद करून, किल्ली काढून त्याने निगेटिव्ह वायर सोडवली आणि मधे मीटर लावला. काही मिलिअँपिअर चालले असते. मीटरने नव्वद दाखवले. मी तिथेच कागदावर हिशेब मांडला: चोवीस तासांत दोन अँपिअर-तासांहून थोडे जास्त. पाच अँपिअर-तासांची बॅटरी सव्वादोन दिवसांत कोरडी!

वीज पिणारे दोघे निघाले. एक चोरीची भीती म्हणून लावलेला सायरन, दुसरा मोबाइलचा चार्जर. बसवणाऱ्याने दोघांच्या वायरी थेट बॅटरीला जोडल्या होत्या, त्यामुळे किल्ली बंद असली तरी ते चालूच. त्यात दादाचं तुकड्यातुकड्यांचं फिरणं. सेल्फ मारताना बॅटरीतून बरीच वीज जाते, ती पाच मिनिटांच्या गर्दीतल्या फेरीत भरून येत नाही. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइटही इंजिनाबरोबर जळत राहतो. बॅटरी अशी कायम अर्धवट राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि मग ती चार्ज केली तरी पूर्वीसारखी भरत नाही.

सायरन निघाला. चार्जरची वायर किल्लीच्या लाइनवर गेली, मधे फ्यूज बसला. अर्थच्या टोकाचा गंज घासून वर व्हॅसलीनचा हात फिरला. एवढं झाल्यावर तिसरी बॅटरी आली, तीही आधी पूर्ण चार्ज करून. जुनी दुकानदाराने बदल्यात घेतली. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, म्हणून ती कचऱ्यात टाकायची नसते.

घरी हे काम करणाऱ्यांनी काढताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना शेवटी, हा क्रम पाळावा, म्हणजे पाना चौकटीला लागून ठिणगी उडणार नाही. झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच, तेही खुणेपर्यंत, नळाचं नको. सीलबंद बॅटरी उघडू नये. आणि दिवाळीला महिनाभर गावी जाणार असाल तर निगेटिव्ह सोडवून ठेवा. दादाला हे सांगायला मी विसरले होते, पुढे पत्राने कळवलं.

मिस्त्रीने त्याला आणखी एक पथ्य घातलं: आठवड्यातून एकदा तरी गाडी न थांबता अर्धा तास चालवायची. आता दर रविवारी सकाळी दादा मावशीला मागे बसवून, जरा लांबचा वळसा घेत, लालबागला फिरायला नेतो.