उंबरठ्यावरचे गाव : एका पडद्याचा छोटा इतिहास

१/९
इतिहास म्हटला की गड, ताम्रपट आणि बखरी डोळ्यांसमोर येतात. परंतु अवघ्या काही दशकांपूर्वी जन्मलेल्या वस्तूंनाही इतिहास असतो. आजचा धागा अशाच एका वस्तूविषयी आहे : व्हिडिओ गेम सुरू होण्यापूर्वी त्याचे नाव झळकवणारा टायटल स्क्रीन.

२/९
त्याचे मूळ बाजारात आहे. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० चा 'पॅक-मॅन' हे नाणे टाकून खेळायचे खेळ. कोणी खेळत नसतानाही त्यांचा पडदा हलता राही, कारण जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवायचे असे. 'पॅक-मॅन' तर आपल्या चारही भुतांची नावानिशी ओळख करून देई. जत्रेतल्या विक्रेत्याची हाळीच ती!

३/९
पुढे खेळ घरात आले. नाण्याची गरज संपली, तरी पडदा उरला. 'नाणे टाका'च्या जागी 'स्टार्ट दाबा' आले. कारण लोपल्यावरही रूढी टिकते आणि हळूहळू नवा अर्थ धारण करते, हे इतिहासात वारंवार दिसते. येथे हाळीची तिसरी घंटा झाली : आता बाहेरचे जग मागे ठेवा, एवढेच ती सांगते.

४/९
हा नवा अर्थ सर्वांत खुलला तो जीवन-अनुकरणाच्या खेळांत. १९९६ साली जपानमध्ये यासुहिरो वादा यांचा 'बोकुजो मोनोगातारी' आला. इंग्रजीत तो 'हार्वेस्ट मून' झाला. शत्रू नाही, युद्ध नाही. नांगरणी, पेरणी, गुरे आणि शेजारी. वादा स्वतः ग्रामीण भागात वाढून टोकियोत आलेले होते.

५/९
कात्सुया एगुची यांचीही कथा अशीच. चिबा सोडून ते नोकरीसाठी क्योटोला गेले आणि आप्त-मित्रांच्या सहवासाला पारखे झाले. त्या एकटेपणातून २००१ मध्ये 'दोबुत्सु नो मोरी' साकारला. त्याचीच परंपरा पुढे 'ॲनिमल क्रॉसिंग' नावाने जगभर गेली. निंटेंडो ६४ च्या त्या कार्ट्रिजमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ होते. यंत्र बंद असले तरी गावातला काळ पुढे सरके.

६/९
याच परंपरेतल्या, २० मार्च २०२० रोजी आलेल्या 'न्यू होरायझन्स'चा टायटल स्क्रीन म्हणूनच विलक्षण वाटतो. एकदा बेट वसले की पडद्यावर तेच दिसते. बाहेर सांज असेल तर तेथेही सांज असते आणि रहिवासी आपापल्या नादात हिंडत असतात. एका यंत्रावर एकच बेट असते; त्यावर आठ जणांपर्यंत राहता येते.

७/९
आमच्या बेटावर दोघे होतो : ताई आणि मी. टाळेबंदीत आम्ही ते वसवले. नंतर ताई नोकरीसाठी परदेशी गेली. यंत्र माझ्याकडे राहिले. आता पडद्यावर कधी पूल दिसतो, कधी किनारा, तर कधी तिने लावलेली फुले आणि तिचे घर. मी बटण दाबण्यास मुद्दाम विलंब लावतो. आत गेलो की माळी, कोळी आणि कर्जदार होतो. पडद्यापाशी केवळ पाहणारा असतो. तेवढ्या वेळात ती घरात आहे असे मानायला कोणाची हरकत नसते.

८/९
स्मरणरंजन म्हणजे भूतकाळात रमणे, असे आपण म्हणतो. मला ते अपुरे वाटते. जुने छायाचित्र थांबलेले असते. हे गाव मात्र आपल्यावाचून चालत राहते, तण वाढवते, ऋतू बदलते. गाव सोडलेल्या माणसाची खरी हुरहूर हीच : मी नाही, तरी तेथे आज पहाट झाली असेल.

९/९
आणि म्हणूनच इतिहासप्रेमींसाठी एक प्रश्न. संग्रहालय खेळाची प्रत जतन करील. पण तुमचे बेट त्या प्रतीत नाही, ते तुमच्या यंत्रात आहे. बॅटऱ्या संपतात, यंत्रे बिघडतात. तेव्हा एखाद्या संध्याकाळी बटण दाबू नका. तो पडदा चित्रित करा, खाली तारीख घाला आणि कोणते घर कोणाचे, ते लिहून ठेवा. पुढच्या अभ्यासकाला गावाचा नकाशा मिळेल. त्यात कोण राहत होते, हे मात्र आपल्यालाच सांगावे लागेल.