डायनासोर नव्हे, आपल्याच कुळातला

उत्तर रशियातल्या द्विना नदीच्या काठी व्लादिमीर अमालित्स्की यांनी १८९९ मध्ये खोदकाम सुरू केलं आणि दगडी गोट्यांच्या पोटातून आख्खे सांगाडे बाहेर आले. त्यांतला शिकारी म्हणजे इनोस्ट्रान्सेविया. सुमारे तीन मीटर लांबी, अर्ध्या मीटरच्या आसपास कवटी आणि वरच्या जबड्यातून कट्यारीसारखे उतरलेले सुळे! अमालित्स्कींच्या निधनानंतर, १९२२ मध्ये, त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं.

असा सांगाडा पाहिला की ‘डायनासोर’ हाच शब्द आधी तोंडी येतो. पण पहिले डायनासोर अवतरण्याच्या सुमारे दोन कोटी वर्षं आधी, २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात, इनोस्ट्रान्सेवियाचा गट, म्हणजे गोर्गोनोप्सियन, संपला होता. नात्यानं हे गोर्गोनोप्सियन मगरीपेक्षा माणसाला जवळचे. आपले थेट पूर्वज मात्र नव्हेत; सस्तन प्राण्यांच्या कुळातली ती बाजूची फांदी.

चित्रकार त्यांना कधी खवलेदार सरड्याचं रूप देतात, कधी केसाळ लांडग्याचं. हाडं वेगळंच सांगतात. पुढचे पाय बाजूला फाकलेले, मागचे बऱ्यापैकी शरीराखाली घेता येणारे. आज आपल्या कानात असलेली काही हाडं त्यांच्या जबड्याच्या सांध्यात होती. कातडीबद्दल एक धागा हाती आहे: एस्टेमेनोसुकस या त्यांच्या दूरच्या नातलगाच्या त्वचेचे अवशेष रशियातच मिळाले. त्यांत खवले नाहीत, ग्रंथींच्या खुणा आहेत. म्हणून चित्रातला खवला आधी पुसावा, असं मी म्हणेन. केसांबाबत घाई नको.

सुळ्यांची रचना तर थक्क करणारी. धारेवर करवतीसारखे दाते, आणि प्रत्येक दात्याच्या बुडाशी एनॅमल व डेंटिनची घडी. ही ठेवण मांसाहारी डायनासोरांची खासियत मानली जाई. २०२० मधल्या संशोधनात ती गोर्गोनोप्सियनांतही आढळली. शिवाय सुळा मोडला तरी नवा येई. स्मिलोडॉन या हिमयुगातल्या मोठ्या मार्जाराचा कायमचा सुळा एकदा गेला की गेला.

लांब सुळे म्हणजे शिकारीच, हेही खरं नाही. ब्राझीलचा तियाराजुडेन्स, २०११ मध्ये जगापुढे आलेला, सुळे मिरवणारा शाकाहारी होता. टाळूवरच्या दातांनी तो वनस्पती चावत असे.

२०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागातून इनोस्ट्रान्सेवियाची नवी प्रजाती जाहीर झाली. तोवर हे नाव रशियापुरतंच होतं. आपल्याकडेही प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कुंदारम थरांतून एका गोर्गोनोप्सियनाचे अवशेष नोंदले गेले आहेत. भारत आणि आफ्रिका तेव्हा एकाच भूखंडात जोडलेले होते. ज्या प्राणहितेचं नाव त्या खोऱ्याला आहे, ती गडचिरोलीच्या सीमेवरून वाहते. मराठी मुलांच्या पुस्तकांत टायरॅनोसॉरसच्या आधी या शिकाऱ्याचं चित्र यावं, असं मला मनापासून वाटतं.