मलिदा आणि बेरी पुलाव

आमच्या जालन्याचा आणि फारसी पुलावाचा संबंध तसा जुना. अकबराच्या दरबारातला अबुल फजल काही काळ जालन्यात येऊन राहिला होता, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. त्याच्या 'आईन-इ-अकबरी'त तांदूळ किती नि तूप किती, याची मापे दिलेली आहेत. पण ती विद्या गावात काही रुजली नाही. आम्ही आपले भाकरी, ठेचा आणि मोसंबीचे धनी.

तेव्हा मुंबईहून बालमित्राचा फोन आला, "लेक तिकडे इस्रायलात एका नव्या इराणी हॉटेलात जेवली. अगदी कोशर! मला कोण नेणार?" यावर मी देवगिरी एक्स्प्रेसचे तिकीट काढले. कोशर नाही, निदान इराणी तरी खाऊ घालावे म्हणून. आणि आणखीही एक देणे होते.

मित्र बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज इथे आले, अशी त्यांची परंपरा. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' झाले. याचे वडील 1960 च्या सुमारास रेल्वेच्या नोकरीवर जालन्याला आले आणि आमच्या घरासमोर राहिले.

माझी आजी कडक सोवळ्याची. समोरच्या मावशींचे कोशरही तितकेच कडक. मांस आणि दूध एका जेवणात नाही, दोहोंची भांडी निराळी. मटणाला दही चालायचे नाही, म्हणून नारळाचे दूध. पण शास्त्राप्रमाणे जनावर कापणारा माणूस जालन्यात कुठला? त्यामुळे त्या घरात महिनोन्महिने मांसच शिजत नसे. आमच्या गल्लीतल्या कित्येक 'शाकाहाऱ्यां'पेक्षा ते पक्के शाकाहारी होते! हे आजीला कोणी सांगितले नाही. सांगून उपयोग झाला असता, असेही नाही.

आम्ही दोघे सातवी पास झालो, तेव्हा मावशींनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलदोडा, मनुका. वर केळ्याचे काप. सोवळ्याला बाधेल असे त्यात काय होते? मावशी ताट घेऊन उंबऱ्याशी आल्या. आजीने हसून ते घेतले, आणि मावशींची पाठ फिरताच मागल्या दाराने नेऊन गाईपुढे ठेवले. संध्याकाळी मावशींनी विचारले, "आवडला का रे?" मी म्हटले, "फार छान झाला होता."

मुंबईत सकाळी मित्राने मला मांडवीतले 1796 सालचे शार हारहमीम सिनॅगॉग दाखवले. यालाच लोक 'जुनी मशीद' म्हणत. लोकलचे मशीद स्टेशनही त्याच्याच नावाचे, असे तो छाती फुगवून सांगतो. तिथून बॅलार्ड इस्टेटला 'ब्रिटानिया'त गेलो. 1923 सालचे हे हॉटेल. पाहुण्यांशी गप्पा मारीत टेबलाटेबलांतून फिरणारे बोमन कोहिनूर 2019 साली वारले. त्यांच्या पत्नी इराणात नोकरीला होत्या. तिथला जिरिश्क घातलेला भात त्यांनी इथे आणला आणि मुंबईच्या जिभेसाठी मसालेदार केला. तोच बेरी पुलाव.

आम्ही दोघांनीही भाज्यांचा मागवला. "पक्क्या कोशर हॉटेलात स्वयंपाकघरावर धर्मगुरूची देखरेख लागते," मित्र म्हणाला. "इथं ती नाही. पण शाकाहारी घेतलं, की माझं मन मला सोडून देतं. लेकीचं ते हॉटेल मांसाचं, म्हणून भाताला लोणी नाही, जेवणात ताक नाही, चहात दूध नाही."

"म्हणजे आजी उपाशीच उठली असती!"

पुलाव आला. मोकळा भात, वर तळलेला कांदा, काजू आणि लालभडक, बारीक जिरिश्क. दाताखाली आला, की आमसुलासारखा आंबट चटका देतो आणि मागून भाताची गोडी येते. मी दोन घास खाल्ले. तिसरा घास काही हलेना.

"एक सांगायचंय," मी म्हटले. "सातवीच्या वेळचा तो मलिदा..."

"तुम्ही खाल्ला नाहीत."

"तुला ठाऊक होतं?"

"मागल्या दारी मी गोट्या खेळत होतो की! गाईला घातलात."

"आणि मावशींना?"

त्याने बश्यांकडे पाहिले. "तिला मी सांगितलं नाही. तू छान म्हणालास, त्यावर ती आठ दिवस खूश होती."

मावशींना जाऊन आता पंधरा वर्षे झाली. मला काय बोलावे ते सुचेना. पाणी प्यालो.

"अरे, तोंड काय पाडतोस?" तो म्हणाला. "खूर दुभंगलेले, वर रवंथ करते. गाय कोशर जनावर आहे! आमच्या मलिद्याला लायक पाहुणी मिळाली."

मग त्याने पोऱ्याला हाक मारून दोन कॅरॅमल कस्टर्ड मागवली. पोटात मांस नसल्यामुळे दूध चालत होते.