पानातले पापलेट

पाली म्हटले की पुष्कळांना रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराची पाली आठवते. आमची पाली ती नव्हे. आमची पाली रत्नागिरी जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेली आहे. येथून समुद्र दिसत नाही आणि त्याची गाजही ऐकू येत नाही. परंतु रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरलेली मासळी मात्र गावात येते. त्यामुळे समुद्राची माझी पहिली ओळख झाली ती आजीच्या स्वयंपाकघरात.

नारळी पौर्णिमा उलटली की मासेवालीच्या पाटीत पापलेटे दिसू लागत. पापलेट हा मोठा नाजूक मासा. त्याचे मांस पांढरेशुभ्र आणि चव सौम्य. आजी म्हणे, "बांगड्याला तिखट शोभते; पापलेटाला मात्र जपावे लागते." माशाला ती दोन्ही अंगांनी चिरे देई आणि त्याला मीठ व कोकमाचे आगळ लावून ठेवी. मग पाट्यावर कोथिंबीर, पुदिना, लसूण, हिरवी मिरची आणि ओले खोबरे वाटले जाई. त्या वासाने सारे घर भरून जाई. ही हिरवी चटणी चिऱ्यांत भरून झाली की केळीचे पान विस्तवावर शेकून मऊ करावयाचे, त्यावर परसातील हळदीचे पान ठेवावयाचे आणि मासा त्यात गुंडाळून केळीच्या सोपाच्या दोरीने बांधावयाचा. चुलीतील निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर पसरून आजी ती पुडी त्यावर ठेवी आणि काही वेळाने उलटी.

"आजी, मासा सरळ विस्तवावरच का भाजत नाहीस?" मी एकदा विचारले.

"अरे, विस्तवाला माया नसते. म्हणून मध्ये पान लागते," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यातील शास्त्र मला पुढे शाळेत उमगले. निखाऱ्यांची उष्णता कित्येक शे अंश असते. परंतु पानात ओलावा आहे तोवर आतील वाफ सुमारे १०० अंशांच्या वर जात नाही. माशाचे मांस थोड्या उष्णतेनेही लवकर शिजते. पुडीत ते स्वतःच्याच रसात शिजते, कोरडे पडत नाही आणि पाल्याचा सुगंधही बाहेर निसटत नाही. ही युक्ती केवळ कोकणाची नाही. पारशी लोक 'पात्रा नी मच्छी' अशीच करतात. फ्रान्समध्ये मासा आणि सुगंधी पाला कागदात गुंडाळून भट्टीत भाजतात. आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवर जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर केळीच्या पानांत मासे शिजवितात.

आजीचा एक नियम मात्र मला तेव्हा फार जाचक वाटे. पाटीत तळहातापेक्षा लहान पापलेटे असली तर ती घेत नसे. स्वस्त असली तरीही नाही. त्या दिवशी आमच्या पानात नुसती डाळ येई. मी रुसून बसलो की ती म्हणे, "त्याला वाढू दे. आज पिल्ले खाल्लीस, तर उद्या तुझ्या मुलांना काय वाढशील?"

आज त्या बोलण्याची किंमत कळते. वयात येऊन अंडी घालण्यापूर्वीच मासा जाळ्यात सापडला, तर त्याचा वंश वाढणार कसा? म्हणूनच पावसाळ्याच्या आरंभी यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने चंदेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केले, तेही त्याचे रक्षण व्हावे म्हणूनच.

पानाची पुडी पुरती शिजल्यावाचून आजी ती सोडू देत नसे. समुद्रातील माशालाही तसाच त्याचा वेळ द्यावा लागतो. तो देणे कोळ्यांच्या हाती आहे, तसेच पाटीपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्याही हाती आहे.