जस्ताच्या खाणींतील एक दगड

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत न्यू जर्सीला असतो. गतवर्षीं इकडे येतांना त्यानें मजसाठीं विटेएवढा एक दगड आणला. तो ऑग्डेन्सबर्ग गांवच्या स्टर्लिंग हिल नामक जस्ताच्या खाणींतला. पांढऱ्या कॅल्साइटचा एक थर, त्यावर काळ्या फ्रँकलिनाइटचा, त्यांत तांबड्या झिंकाइटचे कण व वाळक्या पानाच्या रंगाचा विलेमाइट, आणि पुन्हां पांढरा. (विलेमाइट हें नांव नेदर्लंड्सच्या पहिल्या विल्यम राजावरून पडलें. दगडांसहि राजाश्रय लागतो म्हणावयाचा!) हे थर सुबक नाहींत. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं प्रचंड दाबाखालीं व उष्णतेनें सारा खडक कणकेप्रमाणें मळला गेला, त्याच्या या खुणा.

खरें नवल अंधारांत. जंबुपार किरणांचा दिवा धरला कीं विलेमाइट हिरवागार पेटतो आणि कॅल्साइट निखाऱ्यासारखा तांबूस होतो. दोहोंच्या मुळाशीं एकच मँगनीज! त्याचे थोडके अणु विलेमाइटांत जस्ताच्या जागीं बसतात, कॅल्साइटांत कॅल्शियमच्या. शेजार बदलला कीं प्रकाशाचा रंग बदलतो. कॅल्साइटास शिशाच्या अंशाचेंहि साहाय्य लागतें. झिंकाइटला दिवसाउजेडीं लाली आणणारा मँगनीजच. फ्रँकलिनाइटांत तर तो पुष्कळ. पण तेथें लोखंडाची वस्ती दाट, तें सारा प्रकाश गिळून बसतें.

आमच्या महाविद्यालयांतील रसायनाचे प्राध्यापक या मँगनीजला ‘अशुद्धि’ म्हणतात. शब्द शास्त्रशुद्ध असेल. मला तो कृतघ्नपणाचा वाटतो. दगड करवतीनें चिरून एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं विद्यार्थ्यांस दाखवावा, अशी त्यांची मागणी आहे. ती रास्त आहे, हेंच अवघड. परंतु शेजारच्या फ्रँकलिन गांवची खाण १९५४ सालीं बंद पडली, स्टर्लिंग हिलची १९८६ सालीं; तेथें आतां संग्रहालय आहे. या दोन खाणींत साडेतीनशेंवर जातींचीं खनिजें सांपडलीं, आणि झिंकाइट तर इतका विपुल अन्यत्र आढळला नाहीं.

मीं त्यांस सांगितलें, “दगड प्रयोगशाळेसच देतों, दिव्यासह, पण अखंड.” ते क्षणभर थांबून म्हणाले, “ठीक. पण आमच्या खिडक्यांना पडदे कोठें आहेत?”

काळ्या कापडाचे सहा पडदे मीं शिंप्याकडे टाकले आहेत.