शेजारच्या खाटेवरची

8 नोव्हेंबर 2024, सांगली
उद्या पहाटेच्या गाडीने पुण्याला निघायचंय. आईने सकाळपासून चकल्या आणि शंकरपाळ्यांचे डबे भरायला घेतलेत. मी जिथून दत्तक आले त्या संस्थेत बाहेरचं खायचं घेत नाहीत, मी फोनवर विचारून घेतलंय, असं सांगितलं तर म्हणाली, "मग टॉवेल घेऊ. पोराबाळांच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत."

मी जन्मदात्रीच्या शोधात निघाले आहे, असं ज्याला त्याला वाटतंय. शाळेतल्या एका बाईंनी तर बाजूला घेऊन समजावलं, "कशाला उकरायचं जुनं?" दत्तक गेलेल्या माणसाला दुसरंही काही हवं असेल, हे कुणाच्या गावीच नाही. आमच्या अल्बममधला माझा पहिला फोटो 1986 चा. त्यात मी चार वर्षांची आहे. त्याआधीही मी कुठेतरी जेवत होते, पडत होते, हट्ट करत होते. ते दिवस बघायला चाललेय. आणि शेजारच्या खाटेवर झोपणारी ती मुलगी पुढे कुठे गेली, तेही विचारायचंय.

9 नोव्हेंबर, पुणे
स्वारगेटला उतरलो तर निवडणुकीच्या प्रचाराच्या गाड्या कर्णे लावून फिरत होत्या. संस्थेत पोचेपर्यंत आईचं डोकं उठलं.

इमारत नवी आहे. ओळखीचं काही सापडेल म्हणून मी कोपरे धुंडाळत होते, आई मात्र फाटकातूनच म्हणाली, "इथे चिंच होती. तू तिच्याखाली बसून आमच्याकडे पाठ केली होतीस." हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आत तान्ह्या मुलांची खोली. एक मावशी बाळाला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होत्या. किती प्यायलं ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहून मग ढेकर काढायला खांद्यावर घेतलं. आम्ही आलो तरी त्यांनी हातातलं काम सोडलं नाही, ते मला आवडलं. पूर्वी लोक थेट मुलं बघायला यायचे. आता 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणात नोंदणी करून थांबायचं. पाळी आली की मुलाची माहिती आणि फोटो संगणकावर दिसतो, आणि 48 तासांत होकार कळवायचा. हुकूमही कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. हे सगळं समाजसेविका ताईंनी सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. आम्ही आलो तेव्हा सगळ्या पोरी नटवून ओळीत बसवल्या होत्या. मान वर करायची लाज वाटत होती."

माझी फाइल सुतळीने बांधलेली. पोलिसांचं पत्र, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं पिवळं कात्रण, कोर्टाचा हुकूम. आईबाबांच्या घराचा अहवालही आहे: "दोन खोल्या, स्वच्छ. अर्जदार पत्नी बोलकी." बाबा असते तर ही ओळ महिनाभर पुरली असती.

एका ओळीवर मी थांबले. रात्रपाळीच्या वहीतलं फाडलेलं पान, निळी शाई, अक्षर वाकडंतिकडं: "रात्री फार रडते. शेजारच्या मुलीपाशी निजवली की गप्प होते." मी घरी आल्यानंतरच्या भेटीच्या अहवालात, "मुलगी रमली आहे, झोपेत एक नाव घेते." ताईंनी दिलेल्या झेरॉक्सवर त्या नावावर पांढरी पट्टी लावलेली होती.

10 नोव्हेंबर, पुणे
मुक्काम कोथरूडला मावशीकडे. चहा पिता पिता आईने सगळं सांगितलं. मी आणि ती शेजारच्या खाटेवरची मुलगी एकमेकींचा हात सोडत नव्हतो, म्हणून बाबांनी दोघींसाठी अर्ज करायचं मनात धरलं होतं. वकिलांनी 1956 चा हिंदू दत्तक कायदा समोर ठेवला. एक मुलगी घरात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नव्हती. "मुलगा घ्या, चालेल, म्हणाले. मुलगा कोणाला हवा होता?"

त्या कायद्याला नुसती नावं ठेवून चालणार नाही. त्याआधी रूढ हिंदू कायद्यात मुलगाच दत्तक घेत. वंश चालवायला, पिंड द्यायला. मुलीला दत्तक जाण्याची वाट 1956 मध्येच मोकळी झाली, म्हणून तर मी या घरात आले. पण "एक असली की दुसरी कशाला" हा जुना हिशेब त्यात शिल्लकच राहिला. बालन्याय कायद्याने ती अडचण पुढे दूर केली, पण आम्ही दोघी तेव्हा मोठ्या झालो होतो.

आईला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? "तू विसरली होतीस. मला वाटलं, बरंच झालं."

मी विसरले नव्हते. कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं.

12 नोव्हेंबर, सांगली
ताईंचा फोन आला. त्या मुलीबद्दल काहीही सांगता येणार नाही. दत्तक गेलेल्या माणसाला स्वतःची माहिती मागता येते, दुसऱ्याची नाही. नियमच तसा आहे.

दुपारभर धुसफुसत होते. संध्याकाळी वह्या तपासताना वाटलं, तिचा नवरा, तिची मुलं, तिने कुणाला काय सांगितलंय आणि काय नाही, यातलं मला काहीच ठाऊक नाही. उद्या माझ्या दारात असं कुणी अचानक येऊन उभं राहिलं तर मला चालेल का? तिचं दार तिनेच उघडायला हवं.

रात्री पत्र लिहिलं. नाव, पत्ता, फोन, आणि एवढंच: ही मुलगी कधी चौकशीला आली तर माझी माहिती तिला द्यावी, माझी हरकत नाही. दोन्ही फाइलींना एकेक प्रत लावा, अशी ताईंना विनंती केली. आईने वाचलं आणि पेन मागून घेतलं. खाली तिच्या अक्षरात भर घातली: "जेवायलाच या. आधी फोन केला नाही तरी चालेल."