कच्चे घर, पक्के घर

'कच्चे' आणि 'पक्के' हे शब्द आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरातले. कच्ची पावती, पक्की पावती. कच्ची नोंद, पक्की नोंद. पण माणसाचे राहते घर कोणत्या रकान्यात मांडायचे, हा प्रश्न मला सिल्वासाला पडला.

तेथे माझे मामा कारखान्यात नोकरीला आहेत. निवृत्तीनंतर मातीच्या घरात राहायचे, हा त्यांचा ध्यास. माती, भाताचा पेंढा आणि पाणी पायांनी तुडवायचे, त्या चिखलाचे गोळे रचून हातभर जाडीची भिंत चढवायची. एक थर वाळला की दुसरा. आपल्या कन्नड विभागातील मित्र अशा घराला 'मण्णिन मने' म्हणतील. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात अशी शेकडो वर्षांची घरे आजही नांदती आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामांबरोबर जागा पाहत हिंडलो. शहरात प्लॉट परवडेना. शेतजमीन स्वस्त, पण ती बिनशेती झाल्याखेरीज घर बांधता येत नाही. एका बँकेत विचारले, तर मातीच्या भिंतीवर कर्ज कसे द्यायचे, असा उलट प्रश्न आला. नकाशा काढणाऱ्याने तर हातच जोडले. "साहेब, नियमात बसत नाही."

तो नियम मी शोधून काढला. भारतीय मानक क्रमांक 13827 हे 1993 सालचे असून मातीची घरे भूकंपात कशी टिकावीत, यासाठीच आहे. हाताने थर चढवलेली, कच्च्या विटांची, ठोकून घट्ट केलेली आणि लाकूड-बांबूच्या जाळीवर लिंपलेली, अशा चारही भिंती त्यात आहेत. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको, दार-खिडकी 1.2 मीटरहून रुंद नको. म्हणजे मातीलाही नियम आहे. लोकांची भीती मात्र खोटी नव्हे. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पण म्हणून तर बांधणीचे नियम हवेत!

खानवेलच्या बाजूला एका वारली पाड्यावर कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली घरे पाहिली. मानकातला चौथा प्रकार. मामा हरखून गेले. पण घरातल्या म्हाताऱ्या आजींनी सांगितले, नातवाला सिमेंटचे घर हवे. घर थंड आहे खरे, पण दरवर्षी लिंपायचे कोणी? मामांपाशी उत्तर नव्हते. आमची हौस ही त्यांची दरसालची मेहनत होती.

2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत मातीच्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेले घर 'कच्चे' धरतात. गंमत अशी, की त्याच योजनेत 'पक्के' घर म्हणजे वाजवी देखभाल केल्यास किमान 30 वर्षे टिकणारे. आमच्या भाषेत सांगायचे, तर दुरुस्तीखर्च जो नेमाने करील, त्याचे घर पक्के.

मामांनी जागेचा शोध सोडलेला नाही. मात्र येत्या उन्हाळ्यात ते त्या पाड्यावर जाऊन आधी लिंपण शिकणार आहेत.